गार फरशी

सुखदेव गजभिये यांचे तळपाय दोन महिने एका जागी ठरत नव्हते. बसले की मुंग्या, उभे राहिले की जळजळ. डॉक्टर म्हणाले, "नसांचं दुखणं आहे. गोळ्या घ्या आणि धीर धरा." गोळ्या मिळाल्या, पण धीर वारज्यातल्या कुठल्याच दुकानात मिळेना. मग मेथ्या झाल्या, मोहरीचं तेल झालं. मेंदी लावली तेव्हा पाय तेवढे रंगले, जळायचे ते जळतच राहिले.

शेवटी त्यांच्या पत्नी कौशल्याबाईंनी काशाची वाटी काढली. वीस वर्षं पुण्यात काढूनही त्यांच्या बोलण्यातली अमरावती गेली नव्हती.

"पाय काहून हलवता? सरके बसा ना!"

"मी नाही हलवत. ते हलतात."

तूप लावून घासता घासता तळपाय तव्यासारखे काळे झाले. "पाहा, किती उष्णता निघाली! आता धुऊ नका, सारा गुण जाईन." सुखदेवांनी ते फडक्याने कसेबसे पुसले, चपलांत कोंबले आणि हडपसरची बस पकडली.

तिथल्या पंपांच्या कारखान्यात ते आवक-जावक सांभाळत. साल शहाण्णव. नुकतेच सहा कॉम्प्युटर आले होते आणि त्यांच्यासाठी एसीची खोली, पांढरीशुभ्र फरशी, दारावर पाटी : 'चपला बाहेर काढाव्यात.' माणसांना पंखे मिळायला अकरा वर्षं लागली होती. कॉम्प्युटर नकोत, हे युनियनचं निवेदन सुखदेवांनीच लिहिलं होतं आणि त्या खोलीत पाऊल टाकणार नाही असंही जाहीर केलं होतं.

पण त्या दिवशी शिपाई रजेवर होता आणि एक टपाल तिथे हातोहात द्यायचं होतं. सुखदेवांनी चपला काढून फरशीवर पाय ठेवला आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांचे पाय गप्प बसले. इतकं बरं वाटलं की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काका, अजून काही काम?" कॉम्प्युटर शिकवणाऱ्या दीपालीने विचारलं.

"शिकायचंय," सुखदेवांच्या तोंडून निघून गेलं.

"कॉम्प्युटर? तुम्हाला? सिरियसली?"

"आत्ता. लगेच."

मग जेवणाच्या सुट्टीत तिथेच, सुटल्यावरही तिथेच. शेजारच्या टेबलावरचे दिगंबर पानसे एवढंच म्हणाले, "निवेदनावर पहिली सही आपलीच आहे. विसरला असाल म्हणून सांगितलं."

घरी सुखदेव "आज बरं वाटलं" म्हणाले. कौशल्याबाईंनी सगळं श्रेय वाटीला दिलं आणि रोज सकाळी दुप्पट घासायला सुरुवात केली.

शुक्रवारी मॅनेजर गोपाळकृष्ण साठे त्या खोलीत शिरले आणि थबकले. दारापासून खुर्चीपर्यंत पाच बोटांसकट काळे ठसे उमटले होते. एसीखाली तर फरशीचा रंगच दिसत नव्हता.

"हे कोणाचे पाय?"

सगळी कचेरी अनवाणी रांगेत उभी राहिली. सुखदेवांनी पाय उचलून दाखवला. नोकरीची त्यांना पर्वा नव्हती, भीती होती ती फरशी जाण्याची.

"जेवणाच्या सुट्टीत येता?"

"हो, साहेब."

"सुटल्यावरही?"

"हो. पण साहेब, बंद करू नका हो! मी पुसून काढतो!"

साठेसाहेब रांगेकडे वळले. "बघा! जेवण सोडून, घर सोडून हा माणूस शिकायला येतो. या वयात! गजभिये, सोमवारपासून या खोलीचे प्रमुख तुम्ही. दिवसभर इथेच बसायचं."

दिगंबर पानशांनी टाळ्या वाजवल्या. मोजून दोन.

शनिवार-रविवार सुखदेवांनी तळमळत काढले. सोमवारी पहिली बस गाठली, खोलीचं दार उघडलं, चपला भिरकावल्या आणि डोळे मिटून पाय टाकला.

पाय काहीतरी मऊ, ऊबदार आणि टोचऱ्या केसाळ गोष्टीत घोट्यापर्यंत रुतला.

"गालिचा!" साठेसाहेब मागून म्हणाले. "या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, अस्सल लोकर. तुमच्यासाठी खास! गार फरशीवर अनवाणी बसत होता इतके दिवस. मला बघवेना हो."

सुखदेवांचे पाय चुळबुळायला लागले. त्यांनी टेबलावरचा फोन ओढून घरचा नंबर फिरवला.

"कौशल्या, तूप आहे ना घरात? उद्या पाय चांगले काळेकुट्ट करून दे."