चुका कुठून आणायच्या?

चुकीशी माझं जुनं वैर! मी मूळचा लातूरचा. आमच्याकडं एकेका मार्कासाठी पोरं घर सोडून खोली करून राहतात. तिथं वाढलेल्या माणसाला चूक म्हणजे पायातला काटा. म्हणून किनवट तालुक्यातल्या जंगलाकडेच्या एका गावात आठवीचा वर्ग माझ्या हाती आला, तेव्हा पहिल्याच दिवशी मी छातीठोकपणे सांगून टाकलं, "या वर्गाच्या वह्यांत वर्षभर एक चूक दिसणार नाही!"

आणि नाही दिसली! माझी पद्धत सोपी होती. गणित चुकलं की मी लाल फुली मारायचो. फुली मिळाली की पोरानं ते पान फाडायचं आणि नव्या पानावर तेच गणित बरोबर करून सुवाच्य अक्षरात लिहायचं. फाडलेली पानं शाळेत खिचडी शिजवणाऱ्या गुणाबाईंकडं जायची. चूल पेटवायला त्यांना बरी पडायची. वह्या महिन्यागणिक रोडावत गेल्या, पण काय देखण्या! हेडमास्तर शेषेराव सर आल्यागेल्याला त्या उघडून दाखवायचे. निवृत्तीला आठ महिने राहिलेल्या माणसाला दाखवायला काहीतरी लागतंच.

जानेवारीत नांदेडहून पत्र आलं. आठवीच्या प्रत्येक मुलाचा ई-पोर्टफोलिओ करायचा! म्हणजे मोबाईलवर त्या मुलाचं एक पान. त्यात त्यानं वर्षभरात केलेली तीन कामं: पहिलं, मधलं आणि शेवटचं. प्रत्येकाखाली त्याचं स्वतःचं आत्मचिंतन. काय जमलं, कुठं अडलं, कसं सुटलं. वेगळी परीक्षा नाही. या पोर्टफोलिओवरूनच तालुक्यातली एक मुलगी नांदेडच्या एका निवासी विज्ञानशाळेत नववीला घेणार होते. राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं तिकडून.

पत्र वाचताना माझ्या डोळ्यापुढं एकच पोरगी आली. लुंबिनी.

तिचे आईवडील हैदराबादकडं बांधकामावर. ती इथं आजीजवळ राहायची. आमची शाळा आठवीपर्यंतच. नववीची शाळा चौदा किलोमीटरवर, मधे जंगल, आणि एसटी येते ती तिच्या मर्जीनं. गेल्या वर्षी आमच्या आठवीतून सात मुली बाहेर पडल्या आणि सातही घरी बसल्या. लुंबिनी आठवी झाली असती. हे मला बघवलं नसतं. इथं विनोद नाही, खरंच सांगतो.

"शेषेराव सर, लुंबिनी लागली म्हणून समजा!" मी म्हणालो. "तिच्या वहीत एक खाडाखोड दाखवा!"

शेषेराव सरांनी पत्राचं मागचं पान उलटलं, चष्मा पुसला आणि सावकाश वाचलं, "शंभरपैकी पन्नास गुण प्रगतीला. पहिल्या आणि शेवटच्या कामातला फरक पाहून."

"बरं मग?"

"भागवत सर, फरक कुठाय? आपल्या पोरांचं पहिल्या दिवसापासून सगळंच बरोबर!"

"म्हणजे..."

"म्हणजे प्रगती शून्य!"

बावीस पोरं, बावीस वह्या, आणि सगळ्या शाळेत दाखवायला एक चूक शिल्लक नाही! होत्या त्या सगळ्या मी खिचडीखाली घातल्या होत्या.

पण मी लातूरचा. हार मानतो काय! शनिवारी मी वर्गात जाहीर केलं, "आज चुकांचा तास! प्रत्येकानं दोन कोरी पानं घ्या. पहिल्या पानावर सगळी गणितं चुकवा. दुसऱ्यावर निम्मी. तिसरं काम वहीत आहेच, बरोबर केलेलं. पानांवर तारीख टाकू नका. तारखेनं माणूस अडकतो!"

वर्गात दिवाळी! वर्षभर ज्या पोरांनी चुकीपायी माझी बोलणी खाल्ली, त्यांना चुका करायला मोकळं रान मिळालं होतं. एकानं सात आठे बत्तीस केले. एकीनं त्रिकोणाला चार बाजू काढल्या आणि विचारलं, "सर, अजून एक काढू का?"

आत्मचिंतनाचीही पंचाईत नको म्हणून मी फळ्यावर लिहून दिलं. चुकीच्या पानाखाली: 'मला काहीच येत नाही. मी सरांचे ऐकेन.' बरोबर पानाखाली: 'मला सगळे येते. सरांमुळेच.' सगळ्यांनी सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं.

दारातून गुणाबाई हे बघून राहिल्या होत्या. "सर, आता चुका करायच्या व्हय? मंग ही पानं चुलीत घालायची का न्हाई?"

"या चुका जपून ठेवायच्या आहेत, गुणाबाई!"

"आन् वर्षभराच्या?"

ऐकलंच नाही असं दाखवून मी रांगांमधून फिरायला लागलो. लुंबिनी तिसऱ्या रांगेत पेन धरून नुसती बसली होती.

"काय गं? लिही की!"

"सर, अशी चूक मी करत न्हाई. माझी येगळी व्हती."

"वेगळी अन् सारखी! चूक ती चूक."

"खरी दाखवू का सर?"

"खरी आता कुठून आणणार? लिही! पाच आणि सात, तेरा!"

तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि 'तेरा' लिहिलं. इतक्या दुःखानं पाच आणि सातची बेरीज कुणी केली नसेल. तेव्हाच मी थांबायला हवं होतं.

गावात नेटवर्क मिळतं ते रेल्वेच्या थांब्यावरच्या एका बाकावर. त्याच बाकाच्या डाव्या टोकाला! सोमवारी दुपारी मी बावीस पोरांचे सहासष्ट फोटो घेऊन तिथं जाऊन बसलो. पाच वाजता लिंक बंद होणार होती. मधेच एक मालगाडी आली, तिनं पंधरा मिनिटं नेटवर्क खाल्लं. घाम पुसत मी एकेक फोटो चढवत होतो, आणि तिथंच माझ्यातला लातूरकर जागा झाला. आमच्याकडं क्लासच्या बोर्डावर पहिला आलेल्याचा फोटो सगळ्यात वर असतो. उत्तम माल आधी दिसला पाहिजे! म्हणून मी प्रत्येक पोराचं बरोबर काम आधी चढवलं, मग निम्मं चुकलेलं आणि सर्वात शेवटी सगळं चुकलेलं.

पाचला चार मिनिटं असताना सहासष्टावा फोटो गेला. मी बाकावर उभा राहून आळस दिला. जिल्ह्यात पहिली शाळा आमचीच असणार, याबद्दल मला शंका नव्हती.

आठ दिवसांनी नांदेडहून फोन आला. हे काम बघणाऱ्या पुनम मॅडम होत्या. आवाज फार गंभीर.

"भागवत सर, तुमच्या शाळेचे पोर्टफोलिओ मी पाहिले. तीनदा पाहिले."

"आवडले ना मॅडम!"

"सर, जूनमध्ये तुमच्या मुलांना समीकरणं येत होती. दिवाळीत निम्मी विसरली. आणि फेब्रुवारीत एका मुलीला त्रिकोणाला चार बाजू दिसून राहिल्यात! शाळेत नेमकं काय चालतं?"

मी जे आधी चढवलं होतं ते त्या मोबाईलनं 'पहिलं काम' धरलं होतं, आणि शेवटी चढवलं ते 'शेवटचं'!

"जूनमध्ये मूल लिहितंय, मला सगळे येते. फेब्रुवारीत तेच मूल लिहितंय, मला काहीच येत नाही, मी सरांचे ऐकेन. बावीसच्या बावीस मुलं! सर, मी उद्या येते."

शेषेराव सरांना सांगितलं तर ते खुर्चीत खालीच बसत गेले. "भागवत सर, छत्तीस वर्षं नोकरी केली. पोरांना कमी शिकवलं असं लोक म्हणले असतील. पण शिकलेलं काढून घेतलं, असं कुणी म्हणलं नव्हतं हो!"

दुसऱ्या दिवशी अकराला पुनम मॅडम आल्या. चहाला नको म्हणाल्या. सरळ वर्गात गेल्या आणि नेमकं लुंबिनीलाच उभं केलं.

"बाळ, पाच आणि सात किती?"

"बारा."

"मग हे तेरा कसं लिहिलंस?"

लुंबिनीनं माझ्याकडं पाहिलं. मला तिचा प्रश्न कळला. ती खोटं बोलली तर तिला गणित येत नाही, आणि खरं बोलली तर सर खोटे. चौदा वर्षांच्या पोरीला मी कुठं नेऊन उभं केलं होतं! माझी मलाच शरम वाटली.

"मॅडम," मी म्हणालो, "ही चूक तिची नाही. माझी आहे. सगळ्या चुका मीच करायला लावल्या. खाली जे लिहिलंय तेही माझंच."

मॅडमनी मोबाईल पालथा ठेवला.

"मग हे पोर्टफोलिओ बाद झाले सर. बनावट काम मला पुढं पाठवता येत नाही. हिचंही नाही."

"मॅडम, माझ्यावर काय कारवाई करायची ती करा, पण हिचं नाव..."

"कशावरून पाठवू? ही शिकली कशी, ते दिसलं पाहिजे. हिच्या खऱ्या चुकांची पानं द्या. आहेत?"

"फाडली," मी म्हणालो.

"सगळी?"

"चुलीत गेली मॅडम," दारातून गुणाबाईंनी साक्ष दिली. "सरच म्हणले. माझा काही कसूर न्हाई!"

तेवढ्यात लुंबिनीचा बारीक आवाज आला. "माझी हायेत."

"काय?"

"गुणाबाईला मी देत नव्हते. घरी न्यायची. कुठं चुकलं ते बघाया."

"अगं, मग शनिवारी का नाही बोललीस?" मी ओरडलोच!

"म्हणले व्हते सर. तुमी चूप बसवलं."

आम्ही सगळे तिच्या घरी गेलो. पुढं लुंबिनी, मागं मॅडम, शेषेराव सर, मी, आणि चूल सोडून गुणाबाईसुद्धा! तुराट्यांच्या कुडाचं घर. दारात तिची आजी सरजाबाई तांदूळ निवडत होत्या.

"जयभीम मॅडम. या, बसा. पोरीनं काही केलं का?"

"नाही आजी. हिची फाडलेली पानं बघायची होती."

"ती व्हय? ती काय, भित्तीला हायेत."

आत गेलो आणि मी उभाच राहिलो. दारापासून चुलीपर्यंत अख्खा कूड वहीच्या पानांनी मढवलेला! प्रत्येक पानावर माझी लाल फुली.

"लिंपण पडलं व्हतं," सरजाबाई सांगू लागल्या. "वारं लई येयाचं. पोरगी पान घेऊन आली की मी खळ लावायची आन् डकवायची. दारापासून सुरू केलं. भात शिजस्तोर ही पानं बघत बसती आन् कोळशानं काहीबाही लिहिती."

खरंच! प्रत्येक पानाच्या कडेला कोळशानं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. दाराजवळच्या पानावर: 'वजा चिन्ह विसरले.' पुढच्यावर: 'परत विसरले. घाई केली.' मधे कुठंतरी: 'कंस आधी सोडवायचा. आता कळालं.' आणि चुलीजवळ पानं विरळ होत होत संपलेली.

मॅडम दारापासून चुलीपर्यंत सावकाश चालत गेल्या. मग परत दारापाशी आल्या आणि पुन्हा गेल्या. "आत्मचिंतन," त्या एवढंच म्हणाल्या आणि फोटो काढायला लागल्या. वर्षभर मी जे फाडायला लावलं, त्यातच ती पोरगी शिकत होती.

मॅडम एका पानापाशी थांबल्या. "हे गणित काय झालं? तीन कंसात क्ष वजा दोन, बरोबर बारा. हिचं उत्तर, क्ष बरोबर सहा. सहातून दोन गेले चार, चार त्रिक बारा. हे तर बरोबर आहे!"

"मग फाडलं का गं?" शेषेराव सरांनी विचारलं.

"सर म्हणले चुकलं."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी पुढं होऊन पाहिलं. फुली माझी. सही माझी. उत्तरसूचीत मी खालच्या गणिताचं उत्तर बघितलं होतं! खाली कोळशानं लिहिलं होतं: 'मला कुठं चुकलं ते सापडेना. रोज बघते.'

मॅडमनी ते पान अलगद भिंतीवरून सोडवलं आणि माझ्या हातात दिलं. "हे लुंबिनीच्या पोर्टफोलिओत नको. तुम्ही पण एक पोर्टफोलिओ करा सर. हे तुमचं पहिलं काम. खाली आत्मचिंतन लिहा. स्वतःच्या शब्दांत!"

एप्रिलमध्ये निवड झाली आणि जूनमध्ये लुंबिनी नांदेडला गेली. तिकडची पहिली चूक तिनं मला फोनवर वाचून दाखवली, इतकी खुशीत होती! आता माझ्या वर्गात कुणी पान फाडत नाही. गुणाबाई त्यावरून अजून माझ्यावर नाराज आहेत.

माझं आत्मचिंतन मात्र लिहून होईना. लिहितो, वाचतो, काहीतरी चुकल्यासारखं वाटतं आणि पान फाडतो. सवय! परवा थंडी वाढली तशा सरजाबाई शाळेत आल्या.

"सर, तुमी ते पान नेलं, तिथून लई वारं येऊन राहिलं. पोरगी नांदेडला. घरात कागद न्हाई. तुमच्याकडं फाडलेलं काही हाय का?"

होतं की! "सगळी त्याच गणितावरची आहेत," म्हणत मी टेबलाचा खण उघडून नऊ पानं त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती मोजली. पुन्हा मोजली. मग कीव आल्यासारखं माझ्याकडं पाहिलं.

"एकाच गणितापायी नऊ पानं, सर? आमची पोरगी दोनात उरकायची!"

"व्हय आजी," मी खण लावत म्हणालो. "आमची प्रगती जरा हळू आहे."