मलमाची समान वाटणी

धाकट्या मॅडमचं म्हणणं असं होतं की त्यांच्या अभ्यासात सुई शिरायलाही फट नाही. विभागाच्या बैठकीत त्या हे म्हणाल्या, कॅन्टीनमध्ये म्हणाल्या, आणि एकदा तर लिफ्टमध्ये एका अनोळखी गृहस्थांना म्हणाल्या. त्या बिचाऱ्यांनी फक्त क्ष-किरण विभाग कितव्या मजल्यावर आहे एवढंच विचारलं होतं.

धाकट्या अशासाठी, की मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलातल्या त्या हाडांच्या विभागात मोठे सर होते आणि त्यांच्या हाताखाली या. सकाळी पेशंट तपासायचे, दुपारी मुलांना शिकवायचं आणि मग उरलेल्या जिवावर संशोधन करायचं. हा अभ्यास म्हणजे तेच संशोधन, गुडघेदुखीच्या एका नव्या मलमावरचं. रीत सोपी होती. निम्म्या पेशंटना खरं मलम द्यायचं आणि निम्म्यांना खोटं. म्हणजे रंगाने, वासाने, लावायला अगदी तस्संच, पण आत औषधाचा टिपूस नाही. कुणाच्या वाट्याला काय आलं हे पेशंटला ठाऊक नसतं आणि डॉक्टरलाही नसतं. ते फक्त औषधविभागाच्या कॉम्प्युटरला ठाऊक. अखेरीस ते गुपित उघडायचं आणि खऱ्या मलमाने जास्त गुण आला का ते बघायचं. हे सगळं नीट पार पडलं तर मॅडमची हंगामी नोकरी कायम होणार होती, त्यामुळे पेशंटांच्या गुडघ्यांत त्यांचा स्वतःचाही जीव अडकला होता.

नावं नोंदवताना मॅडम प्रत्येकाला समोर बसवून हे समजावून सांगत. बहुतेक जण मान डोलावत आणि सही कुठे करायची ते विचारत. एका निवृत्त हेडमास्तरांनी मात्र सगळं नीट ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि विचारलं, "ज्यांना खोटं मिळणार, त्यांनी काय पाप केलं?"

मॅडमनी हसून उत्तर दिलं. शास्त्राला तुलना लागते, तुलनेशिवाय सत्य कळत नाही, चिठ्ठी टाकावी तसं नशिबावर ठरतं, त्यामुळे कुणावर अन्याय होत नाही, वगैरे. हेडमास्तर लक्षपूर्वक ऐकत होते. "समजलं," म्हणाले आणि सही करून गेले. त्यांना समजलं याचं मॅडमना समाधान वाटलं. ते किती समजलं होतं, याची कल्पना यायला बराच काळ जावा लागला.

बाहेरच्या बाकांवर पेशंट तपासणीची वाट बघत बसायचे. तिथे अभ्यासाच्या सिस्टरांनी ठळक अक्षरांत पाटी लावली होती, की कृपया मलमाविषयी आपापसांत बोलू नये. तोवर ती माणसं हवापाण्याविषयी, सुनांविषयी, जावयांविषयी बोलत. पाटी वाचल्यावर त्यांना एकदम विषय मिळाला. पण सिस्टर जवळ आल्या की सगळे शहाण्यासारखे गप्प होत, म्हणून सिस्टरांचं मत झालं की पाटी फार गुणकारी आहे.

काही महिन्यांत आकडे यायला लागले आणि मॅडमचे पाय जमिनीवर ठरेनात. सगळ्यांना गुण येत होता. शिंपीकाकू म्हणून एक बाई होत्या. जन्मभर शिलाई मशीन चालवून त्यांचे गुडघे गेले होते आणि पहिल्या दिवशी त्या चाकाच्या खुर्चीतून आल्या होत्या. त्या आता चालत येत होत्या. एक निवृत्त बस कंडक्टर होते, ते पूर्वी खुर्चीतून उठताना खुर्चीसकट उठायचे, ते आता ताडकन उठत. शिवाय शिस्त अशी, की रिकाम्या ट्यूब परत घेऊन वजन करायला जावं तर प्रत्येक ट्यूब शेवटच्या थेंबापर्यंत पिळलेली, मानेपर्यंत गुंडाळलेली. इतके गुणी पेशंट कुणाला मिळाले नसतील, असं मॅडमनी बैठकीत सांगितलं.

मोठ्या सरांनी कागद वरखाली केले. सर कमी बोलत आणि बोलताना समोरच्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत.

"सगळेच बरे होतायत?"

"सगळेच, सर."

"निम्म्यांना आपण काहीच देत नाही आहोत ना?"

मॅडमनी ताबडतोब सांगितलं, की मनाच्या समजुतीनेही माणसाला बरं वाटतं, हे तर सिद्धच झालेलं आहे. सर हं म्हणाले. पण त्यांचं ते हं मॅडमबरोबर घरापर्यंत आलं.

घरी त्यांची आई होती. आईचे गुडघेही दुखणारे. अभ्यास सुरू झाला तेव्हा तिने सहज विचारलं होतं की एखादी ट्यूब आणता येईल का. मॅडमनी सांगितलं, डॉक्टरच्या नातेवाइकांना घेता येत नाही, नियम आहे. आई काही बोलली नाही. फक्त पुढचा आठवडाभर शेजारपाजारी सांगत होती की आमची मुलगी फार तत्त्वाची, जगाच्या आयांना मलम लावते. मग तो विषय मागे पडला, आणि मॅडम कामात इतक्या बुडाल्या की आई अलीकडे कण्हत नाही हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

त्या संध्याकाळी आई जिना चढून वर आली. कठडा न धरता आली. आणि तिच्या पाठोपाठ एक वास आला. निलगिरीसारखा, थोडा साबणासारखा. जगात हा वास फक्त एका ट्यूबला होता.

"आई, गुडघ्याला काय लावलंयस?"

आईने पिशवीतून एक छोटी स्टीलची डबी काढली आणि मोठ्या प्रेमाने मुलीकडे बघितलं. "कळलं शेवटी? अगं, मी मुद्दाम काही बोलले नाही. म्हटलं, तुला उघड देता येत नाही म्हणून आडून पाठवतेस, तर आपण तरी कशाला वाच्यता करा."

आडून कुणी पाठवलं, हे मॅडमनी विचारलं. मग सगळं हळूहळू बाहेर आलं. आई उशांचे अभ्रे शिवायला टाकायला गेली होती, ती नेमकी शिंपीकाकूंकडे. बोलता बोलता मुलगी कुठे काम करते ते निघालं. काकू म्हणाल्या, मग तुम्ही आमच्यातल्याच. दुसऱ्या दिवसापासून आईचाही वाटा सुरू झाला. हेडमास्तरांच्या घरी सगळे रोज जमतात, आईही जाते. काय माणसं आहेत एकेक, आई म्हणाली, आणि तुझं किती कौतुक करतात.

"मी नाही पाठवलं, आई."

"नाही?" आईने डबीचं झाकण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. "मी मात्र सगळ्यांना सांगितलं, वरून कडक आहे, पण आतून लोणी आहे म्हणून."

आई स्वयंपाकघरात गेली आणि उगाचच भांडी इकडची तिकडे करत राहिली. मॅडमना अभ्यासाचं जास्त वाईट वाटत होतं की त्या न पाठवलेल्या डबीचं, हे त्यांचं त्यांनाच ठरवता येईना.

दुसऱ्या दिवशी मॅडम हेडमास्तरांच्या घरी गेल्या. घर एका उभ्या चढावाच्या टोकाला, तेही सगळ्यात वरच्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. अर्ध्या जिन्यात मॅडमना दम लागला. त्या कठड्याला टेकून उभ्या होत्या, तेवढ्यात खालून शिंपीकाकू आल्या आणि, "बसा थोडं, सवय नसली की होतं असं," म्हणून पुढे निघून गेल्या.

वर दार सताड उघडं होतं. बैठकीच्या खोलीत मधोमध टेबलावर एक भलं मोठं पातेलं होतं. हेडमास्तर लाकडी उलथन्याने त्यातलं पांढरं मलम ढवळत होते, एकाच दिशेने, गाठी होऊ न देता. शेजारी पिळून गुंडाळलेल्या ट्यूबांचा ढीग. कंडक्टर डब्या भरत होते आणि तिकिटं फाडायचे त्याच चपळाईने ज्याची त्याला देत होते. कुणी चहा पीत होतं, कुणी पत्ते पिसत होतं. मॅडमना बघून सगळे आनंदाने उठले. खुर्ची आली, पाणी आलं. काहींना तर वाटलं, पाहणीला आल्या. कारण खुद्द डॉक्टरांची आई रोज येते म्हटल्यावर डॉक्टरांना हे ठाऊक आहे, याविषयी तिथे कुणालाच शंका नव्हती.

हेडमास्तरांनी सगळी व्यवस्था समजावून सांगितली. निम्म्यांना खरं, निम्म्यांना खोटं, हे काही त्यांच्या मनाला पटेना. मग त्यांनी ठरवलं की सगळ्यांचं एकत्र करायचं आणि सारखं वाटायचं, म्हणजे थोडं थोडं खरं प्रत्येकाला मिळेल. डबीत ते लवकर सुकतं, म्हणून रोज येऊन ताजं न्यायचं. आणि आल्यावर लगेच निघणं बरं दिसत नाही, म्हणून मग गप्पा.

मॅडम म्हणाल्या, "पण मास्तर, कुणाला काय मिळालं, हे शेवटी कळायला हवं होतं."

"तुम्हीच म्हणालात ना, कुणालाच कळता कामा नये?" हेडमास्तरांनी उलथनं पातेल्याच्या कडेला झटकलं. "आता देवालाही कळणार नाही."

तेव्हा मॅडमनी खाली बसून, आवाज न चढवता, सगळं सांगितलं. आता दोन गट राहिलेच नाहीत. तुलना होणार नाही. सगळी मेहनत पाण्यात गेली. अभ्यास बंद करावा लागेल. कंडक्टरांनी हातातली डबी हळूच टेबलावर ठेवली. शिंपीकाकू पदराशी चाळा करत बसल्या. हेडमास्तरांचा चेहरा मात्र एकदम म्हातारा दिसायला लागला.

"म्हणजे आम्ही सगळे बरे झालो," ते म्हणाले, "हे तुमच्या उपयोगाचं नाही?"

मॅडमकडे याचं शास्त्रीय उत्तर होतं. त्या दिवशी ते त्यांच्याच्याने देववलं नाही. त्यांनी चहा घेतला आणि जिना उतरून आल्या.

मोठ्या सरांना सांगणं भाग होतं, अशा अभ्यासांवर नजर ठेवणाऱ्या नीतिसमितीला कळवणंही भाग होतं. मॅडमनी काहीही न लपवता सांगितलं. पातेलं सांगितलं, उलथनं सांगितलं, स्वतःची आईसुद्धा सांगितली. समितीतले एक ज्येष्ठ गृहस्थ तोंडावर रुमाल धरून बराच वेळ खोकत होते. अभ्यास बंद झाला. उरलेल्या ट्यूब सिस्टरांनी मोजून परत घेतल्या. मॅडमनी मनातल्या मनात नोकरीचा राजीनामाही लिहून ठेवला.

सर खिडकीबाहेर बघत होते. "औषध पाणी घातल्यासारखं निम्मं झालं होतं," ते म्हणाले, "तरी सगळे बरे झाले. मग झाले कशाने?"

मॅडम उत्तर द्यायला गेल्या आणि थांबल्या. त्यांना तो चढाव आठवला, तो जिना आठवला, आणि कठड्याला टेकलेल्या आपल्याला मागे टाकून गेलेल्या शिंपीकाकू आठवल्या. दुखऱ्या गुडघ्यांची इतकी माणसं मलमाच्या आशेने रोज तो डोंगर चढत होती, वर गप्पा मारत होती, आणि पुन्हा उतरत होती.

त्यांनी नवा अभ्यास आखला. मलम नाही, गोळी नाही. पेशंटनी फक्त रोज एकमेकांबरोबर चालायचं, चढायचं आणि वर जाऊन गप्पा मारायच्या. सरांना कल्पना आवडली. नीतिसमितीने तर एका बैठकीत मंजुरी दिली, ढवळता येईल असं यात काही नाही ना एवढंच विचारून. मॅडमचा राजीनामा मनातच राहिला आणि हंगामी नोकरीला मुदतवाढ मिळाली.

तोवर मधे बरेच दिवस गेले होते, आणि मलमाबरोबर हेडमास्तरांकडचं रोजचं जमणंही बंद पडलं होतं. मॅडमनी जुन्या सगळ्या पेशंटना बोलावून घेतलं. ते आले, कुणी काठी टेकत, कुणी मुलाच्या खांद्याचा आधार घेत. शिंपीकाकू पुन्हा चाकाच्या खुर्चीत होत्या. मॅडमनी सगळ्यांची मनापासून माफी मागितली, कारण खरा शोध या मंडळींनीच लावला होता. मग नवा अभ्यास समजावून सांगितला. या वेळी खरं-खोटं काही नाही, सगळ्यांना अगदी सारखं, असंही सांगितलं. सगळ्यांनी आदराने ऐकून घेतलं.

कंडक्टरांनी हात वर केला. "मलम कधी मिळणार?"

मलम मिळणार नाही, मॅडम म्हणाल्या. मलमाची गरजच नव्हती, हेच तर कळलं. तुम्ही फक्त पूर्वीसारखं रोज हेडमास्तरांकडे जायचं.

बाकांवर चुळबूळ झाली. सगळ्यांनी हेडमास्तरांकडे बघितलं. तेच सगळ्यांच्या वतीने बोलणार हे उघड होतं. ते काठीवर भार देऊन उभे राहिले, आणि लेकीसारख्या मॅडमचं मन मोडू नये म्हणून अगदी हळुवारपणे बोलले.

"तुमचं सगळं खरं आहे, मॅडम. पण नुसत्या गप्पांसाठी एवढं चढायचं म्हणजे... गुडघे दुखतात हो आमचे."