मधल्या मजल्यावरचं वांगं

बढाई मारायला हरकत नसते, फक्त ती मारल्यावर त्याच दिवशी संध्याकाळी लोकांत जेवायला जाऊ नये. लिफ्टवाल्यांनी नेमकं तेच केलं.

"बावीस वर्षं!" शनिवारी सकाळी दाढी करता करता ते आरशातूनच बायकोला म्हणाले. "बावीस वर्षांत माझ्या हाताखालची एकही लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबलेली नाही. आणि तू मला एका जेवणाची काळजी सांगतेस? सगळी व्यवस्था करतो. आज काही म्हणजे काही अडकणार नाही!"

"अहो, व्यवस्था करू नका," बायको म्हणाली. "नुसतं जेवू या."

पण नुसतं जेवणं लिफ्टवाल्यांच्या स्वभावात नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी त्यांना धास्तीच वाटत होती. कारण पंधरा वर्षांची त्यांची लेक चार महिन्यांनी पहिल्यांदाच त्यांच्यासोबत बाहेर जेवायला येणार होती.

चार महिन्यांपूर्वी लेकीने मांस सोडलं. म्हणजे सोडायला घेतलं. आज जायचं होतं त्याच कोपऱ्यावरच्या हॉटेलात, ताटं समोर आल्यावर, तिने हळूच सांगितलं, "मी आता जमेल तितकं सोडतेय. एकदम नाही जमणार. पण जमेल तितकं."

मामा, म्हणजे लिफ्टवाल्यांचा मेव्हणा, टपूनच बसला होता. "अंडं चालतं का?" "चालतं." "मग कोंबडी का नाही? कोंबडी म्हणजे मोठ्या हुद्द्यावर गेलेलं अंडंच की! आणि मासा?" "कधीतरी." "म्हणजे तू अर्धी शाकाहारी! डावीकडून की उजवीकडून?"

इथवर ठीक होतं. मामा तो मामाच, त्याचं कोण मनावर घेतो! पण मग लिफ्टवाल्यांनाही स्फुरण चढलं. "अगं, लिफ्ट एकतर खाली असते, नाहीतर वर," ते म्हणाले. "मध्येच उभी असली तर तिला आम्ही बंद पडली म्हणतो!" आणि स्वतःच्याच विनोदावर ते टेबल हलेपर्यंत हसले.

लेक उठली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली. त्या दिवसापासून ती घरीही सगळ्यांची जेवणं आटोपल्यावर जेवायची. "भूक नाही आत्ता," म्हणायची. चार महिने! लिफ्टवाल्यांनी तिला कारण विचारलं नाही, कारण कारण त्यांना ठाऊक होतं.

आता तिच्या आईची ग्रंथालयातली नोकरी कायम झाली होती, त्याचं जेवण होतं. "आईसाठी येते," लेक म्हणाली होती. तेव्हा हे जेवण बिघडून चालणारच नव्हतं.

त्या हॉटेलचं स्वयंपाकघर तळघरात आणि जेवायची खोली वर. दोन्हींच्या मध्ये ताटं वर नेणारी एक छोटी लिफ्ट, कपाटाच्या एका खणाएवढी. तिची देखभाल आमच्या लिफ्टवाल्यांकडेच होती. दुपारी ते हत्यारांची पेटी आणि एक चकचकीत पत्र्याची फळी घेऊन तळघरात हजर झाले.

"सर्व्हिसिंग तर गेल्या आठवड्यात झालं," आचारी म्हणाला. तो आडवातिडवा माणूस होता आणि त्याचा आवाज त्याच्याहून आडवातिडवा.

"हे खास काम आहे. तुमच्या या लिफ्टमधून कोंबडी आणि भाजी एकत्र वर जाते. सगळं एकमेकांवर सांडतं. आज माझ्या मुलीचं ताट या वरच्या फळीवरून जाईल. स्वतंत्र! त्याला रश्श्याचा थेंब लागता कामा नये."

"तिने सांगितलंय असं?"

"सांगायला कशाला पाहिजे? बापाला कळत नाही का?"

आचाऱ्याने बापाकडे एकदा नीट पाहिलं आणि तो कांदा चिरायला लागला.

लिफ्टवाल्यांनी फळी तीनदा पुसली, टेपने दोनदा मोजली आणि लिफ्टच्या आत दोन कडांवर टेकवून ठेवली. वर चिठ्ठी चिकटवली, 'फक्त शाकाहारी'. स्क्रू मात्र मारले नाहीत. एका संध्याकाळपुरतं तर काम, उद्या काढायचंच आहे! आता, हाताखालच्या प्रत्येक नव्या पोराला पहिल्या दिवशी ते दोन गोष्टी बजावत आले होते. एक, तात्पुरतं काम म्हणून स्क्रू सोडायचा नाही. दोन, लिफ्ट ज्यातून वर-खाली होते त्या विहिरीत तोंड घालून मनातलं बोलायचं नाही, कारण तिथला शब्द न् शब्द सगळ्या मजल्यांवर ऐकू जातो. दुपारी त्यांनी पहिला नियम मोडला.

संध्याकाळी सगळे जमले. लिफ्टच्या खिडकीला अगदी लागून असलेलं टेबल त्यांनीच निवडलं होतं, म्हणजे ताट उतरलं की थेट लेकीसमोर. लेक आईशेजारी बसली. समोर मामा. लिफ्टवाल्यांनी मामाला येतानाच दम भरला होता, "आज एक शब्द बोललास तर लिफ्टमध्ये घालून मधल्या मजल्यावर ठेवीन!" त्यामुळे मामा तोंडात पाव कोंबून गप्प होता.

"मी काय मागवू?" लेकीने मेनूकार्ड उघडलं.

"काही बघू नकोस! तुझं सांगून ठेवलंय. खास!" लिफ्टवाले हात चोळत म्हणाले.

लेकीने मेनूकार्ड मिटलं. तिच्या आईने नवऱ्याकडे असं पाहिलं, की दुसरा कोणी असता तर त्याला काहीतरी समजलं असतं.

आणि खाली घरघर सुरू झाली. लिफ्ट निघाली! लिफ्टवाले खुर्चीच्या टोकावर आले. मग एक खणखणीत आवाज झाला, मग धाडकन दुसरा, आणि घरघर थांबली.

खिडकीत काही आलं नाही.

"मध्येच अडकली!" तळघरातून आचाऱ्याचा आवाज आला. "सहा जणांचं जेवण आहे आत!"

हॉटेलचे मालक धावत आले आणि लिफ्टवाल्यांना पाहून त्यांचा चेहराच उजळला. "देव पावला! मंडळी, काळजी करू नका! आपले लिफ्टवाले इथेच बसलेत! बावीस वर्षांचा अनुभव!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हो, टाळ्या! लिफ्टवाल्यांनी आयुष्यात स्वतःसाठी टाळ्या कधी ऐकल्या नव्हत्या, आणि मिळाल्या त्या अशा. त्यांना पक्कं ठाऊक होतं, की बिनस्क्रूची फळी घसरून बाहेर आली आहे आणि विहिरीच्या कडेला अडकून बसली आहे. मामाने पाव गिळला, तोंड उघडलं, लिफ्टवाल्यांचा चेहरा पाहिला आणि दुसरा पाव उचलला.

इतक्यात एक बाई दारातून आत आल्या. त्यांनी "अडकली", "लिफ्ट" आणि "सहा" एवढंच ऐकलं होतं. त्या तडक खिडकीशी गेल्या आणि आत तोंड घालून ओरडल्या, "घाबरू नका! श्वास घेत राहा!"

"घेतोय, बाई!" खालून आचारी ओरडला.

"किती वेळ झाला तुम्हाला आत?"

"सकाळी नऊपासून आहे!"

"सकाळी नऊपासून!" बाई मटकन खुर्चीवर बसल्या. "आणि तुम्ही इथे जेवताय?" त्यांनी सगळ्या खोलीला विचारलं. सगळ्या खोलीच्या समोर रिकामी ताटं होती. कोणीतरी त्यांना पाणी दिलं, कोणीतरी समजावायला लागलं, आणि त्या गडबडीत लिफ्टवाले जिना उतरून तळघरात पोचले.

"फळी तुमचीच," आचारी म्हणाला.

"हळू बोला."

"वर टाळ्या वाजत होत्या ना?"

"हळू बोला हो!"

लिफ्टवाल्यांनी बत्ती घेतली आणि विहिरीत डोकं घातलं. तिथे, दोन मजल्यांच्या बरोबर मध्ये, ती चिमुकली लिफ्ट तिरकी होऊन उभी होती. बाहेर आलेल्या फळीवरची चिठ्ठी बत्तीच्या उजेडात साफ वाचता येत होती, 'फक्त शाकाहारी'. त्यांनी लांब दांडा वर घालून फळी रेटायला सुरुवात केली.

"एवढा खटाटोप कशाला केलात?" आचारी पाठीमागून म्हणाला. या वेळी तो खरोखर हळू बोलला. "एक ताट मी हातानेही वर आणून दिलं असतं."

लिफ्टवाल्यांचं डोकं विहिरीत होतं, घाम डोळ्यांत उतरत होता, आणि समोर माणसाचा चेहरा नव्हता. अशा वेळी माणूस बोलून जातो.

"चार महिने झाले, पोर माझ्यासमोर बसून जेवलेली नाही," ते म्हणाले. "ती म्हणाली, जमेल तितकं सोडतेय. मी म्हणालो, मध्येच उभी राहिलेली लिफ्ट बंद पडलेली असते. आणि हसलो. सगळ्यांत मोठ्याने मीच हसलो. आचारीबुवा, मी बावीस वर्षांत दुसऱ्यांच्या बिघडलेल्या लिफ्टमधून कितीतरी माणसं सोडवली. मध्ये अडकलेल्या माणसाला आपण पहिलं काय सांगतो? घाबरू नका, आम्ही आहोत. परक्या माणसाला सांगतो हो! आणि माझ्या पोरीला मी काय म्हणालो, तर बंद पडलीस. ती काय खाते, काय नाही, मला काय करायचंय त्याच्याशी? तिने गवत खावं, नाहीतर हत्ती खावा. समोर बसून खावं, एवढंच. तेवढ्यासाठी ही फळी. बोलायला जमलं नाही, म्हणून फळी."

लिफ्टवाल्यांनी दांडा पुन्हा रेटला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की वरून काहीच ऐकू येत नाहीये. चमचा वाजत नव्हता, खुर्ची सरकत नव्हती. चाळीस माणसं वर बसली होती आणि एकही खोकत नव्हता.

दुसरा नियम!

"बाबा," वरून लेकीचा आवाज आला.

लिफ्टवाल्यांनी बत्ती विझवली. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. "ऐकू आलं का गं?" त्यांनी अंधारात विचारलं.

"सगळ्यांना."

"मामालासुद्धा?"

"तो पाव खायचा थांबलाय."

लिफ्टवाल्यांनी चाचपडत दांडा पुन्हा फळीला टेकवला.

"मला वेगळी फळी नको होती, बाबा," वरून आवाज आला, जरा घोगरा. "प्रत्येक घासाला कोणी प्रश्न विचारू नयेत, एवढंच हवं होतं. तू वर ये."

"अजून सुटली नाही गं."

"सुटेल," लेक म्हणाली. "घाबरू नकोस. आम्ही आहोत."

लिफ्टवाल्यांनी बाहीने डोळे पुसले. आचाऱ्याने कांद्याच्या पाटाकडे बोट दाखवलं, म्हणजे हवं तर त्याच्यावर ढकला. मग दोघांनी मिळून दांड्याला असा काही हिसका दिला, की फळी खडखडत तळाला पडली आणि लिफ्ट शहाण्यासारखी सरळ वर निघून गेली.

लिफ्टवाले जिना चढून आले तेव्हा सगळी खोली आपापल्या ताटात पाहत होती. कोणी हसलं नाही. मालकही फळीबद्दल काही बोलले नाहीत, फक्त जाता जाता त्यांच्या खांद्यावर हात ठेवून गेले. घाबरलेल्या बाई मात्र नाक पुसत शेजारच्या टेबलावरून म्हणाल्या, "मी म्हटलं होतं ना, आत माणूस आहे म्हणून!"

लेकीसमोर मातीचं भांडं उतरलं होतं. झाकण तिरकं झालं होतं, पण आतला माल शाबूत होता. लिफ्टवाल्यांनी स्वतःच्या हाताने झाकण उचललं. आत, तेलात चमकणारं, अख्खं भाजलेलं वांगं.

लेकीने वांग्याकडे पाहिलं. तिच्या आईने छताकडे पाहिलं.

"काय झालं?" लिफ्टवाले म्हणाले.

"बाबा, मी पाच वर्षांची असल्यापासून वांगं खात नाही."

टेपने दोनदा मोजलं होतं, तीनदा पुसलं होतं, चिठ्ठी चिकटवली होती! पण लेक हसायला लागली, मग तिची आई, आणि मग मामाने ते भांडं अलगद स्वतःकडे ओढलं. "वाया कशाला घालवायचं?" म्हणाला, आणि पाहता पाहता देठापर्यंत पोचला. चार महिन्यांपूर्वी पोरीला भंडावणारा हा माणूस त्या संध्याकाळी एकटाच पूर्ण शाकाहारी जेवला, हे त्याच्या लक्षात आणून द्यायचा मोह सगळ्यांनी आवरला.

लेकीने पाव मोडला. मग सहज, आईच्या ताटातल्या माशाच्या रश्श्यात तो बुडवला आणि खाल्ला. लिफ्टवाल्यांच्या समोर बसून.

लिफ्टवाल्यांनी पाहिलं. रस्सा चालतो, मग मासा? की रस्सा म्हणजे मासा नव्हे? प्रश्न पोटातून निघाला, घशापर्यंत आला आणि त्यांनी ओठ घट्ट मिटले. प्रश्न तिथेच अडकून राहिला.

लेकीने त्यांच्याकडे पाहिलं. "विचार, बाबा. चेहरा लाल झालाय तुझा."

"छे! कुठे काय!"

"विचार."

लिफ्टवाल्यांनी मोठा श्वास घेतला. "तुला..." ते म्हणाले, "तुला अजून पाव मागवू का?"

"मागव," लेक म्हणाली, आणि खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली.

"मागवा की!" खिडकीतून आचाऱ्याचा आवाज आला. "पण न्यायला जिन्याने या! आणि येताना स्क्रू आणा!"