काकूंच्या आंघोळीचं सर्किट

कोपरीतले आमचे शेजारी जाधवकाका नव्या माणसाला नमस्कार नंतर करतात, आधी त्याच्या चिमटीत सर्किटमधला एक इवलासा ट्रान्झिस्टर देतात. "धर जरा. ऊब दे त्याला." मग मीटरचा काटा बघून मान हलवतात. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा सासूबाईंनी ओटी भरायच्या आधी काकांनी माझ्या हातात ट्रान्झिस्टर ठेवलेला.

काका टीव्ही दुरुस्त करायचे. आता निवृत्त आहेत, म्हणजे दुरुस्तीला कोणी काही आणत नाही आणि काका स्वस्थ बसत नाहीत. त्यांचा जीव कंपॅरेटर नावाच्या सर्किटवर जडलाय. दोन व्होल्टेज आत घ्यायची आणि जास्त कुठलं ते सांगायचं, एवढंच त्याचं काम. तीच खोड काकांनाही लागलीय. भाजीवाल्यासमोर दोन दुधी धरून विचारतात, "बोल, कोण जास्त कोवळा?" चहात साखर घालू का, यावर मी एकदा "चालेल" म्हणाले, तर म्हणाले, "चालेल म्हणजे किती व्होल्ट?"

या सर्किटला दोन अगदी सारखे ट्रान्झिस्टर लागतात. डबाभर ट्रान्झिस्टर तपासून काका जोडी जुळवतात, दोघांना एकमेकांना चिकटवतात आणि वरून तांब्याची पट्टी गुंडाळतात. "एकाला ताप आला की दुसऱ्यालाही आला पाहिजे. नाहीतर निकाल चुकतो." माझ्या लग्नात पत्रिकासुद्धा इतक्या बारकाईने कोणी पाहिली नव्हती.

गेल्या वर्षी काकूंचा पाय भाजला. डायबिटीसमुळे त्यांच्या हातापायांना गरम-गार कळेनासं झालंय. कढत पाणी त्यांनी तसंच पायावर ओतून घेतलं. तेव्हापासून काकाच पाण्यात विसण घालायचे आणि काकूंना आंघोळही घालायचे. काकू रडकुंडीला यायच्या. "जन्मभर सगळ्यांचं केलं, आणि आता मला बाळासारखं न्हाऊ घालतायत! नकोच मला ती आंघोळ." मग त्या आंघोळ टाळायलाही लागल्या.

पाणी कढत आहे की सोसवेल असं, ते दिवा लावून सांगणारं कंपॅरेटर करायला काका लागले. मी म्हटलं, "काका, हे तयार मिळतं हो कल्याणला. आठ पायांची एवढीशी चिप असते."

"त्याच्या पोटात काय चाललंय ते मला दिसतं का? ही आत एकटी असणार आहे."



पहिला प्रयोग फसला. पाणी सोसवेल इतकं झालं की लाल दिवा विझायला हवा होता. पण त्या बेताला येताच तो नुसता फडफडायला लागला. काकू टॉवेल घेऊन ताटकळल्या. "अहो, हा नक्की काय म्हणतोय? जाऊ का नको?" काकांनी एक रेझिस्टर वाढवला. मग पाणी नीट निवेपर्यंत दिवा ठाम राहायला लागला.

रविवारी काकूंनी स्वतः बादलीत सर्किटची ऊब मोजणारी वायर सोडली, स्वतः विसण घातलं. दिवा विझला. त्यांनी आतून कडी लावली.

काका बाहेर स्टुलावर बसले. मी नेलेला चहा तसाच राहिला. आतून पाण्याचा आवाज येत होता आणि काकू चक्क गुणगुणत होत्या. "जमलं गं," काका म्हणाले. डोळे भरून आले होते, पण रिकाम्या हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं.

तेवढ्यात कडी निघाली. "अहो, पाठीला हात पोचत नाही माझा. येताय का?"

"आलो, आलो!" काका इतक्या घाईने आत गेले की पायजमा वर दुमडायचंही विसरले.