फरहीनच्या सत्तेचाळीस सूचना

"माझा प्रयोग कुणीही, कुठेही करावा. निकाल तोच येणार," असं फरहीनने छातीठोकपणे सांगून टाकलं होतं. माणसाचा मेंदू लक्ष कसं देतो, यावर तिचं संशोधन चाललं होतं. चिंचवडच्या एका कॉलेजात तिचं व्याख्यान ठरलं होतं: 'पुन्हा करून पाहता येईल असं संशोधन कसं करावं'. ऐकायला दिपाली मॅडम येणार होत्या. त्यांच्या लॅबमध्ये एकच जागा रिकामी होती आणि त्या जागेपायी फरहीनचा जीव टांगणीला लागला होता.

प्रयोग साधा. एका छोट्या डबीवरचा लाल दिवा लागला की तिच्यावरचंच बटण दाबायचं. कासारवाडीत अब्बांच्या गॅरेजमधल्या आठ मेकॅनिकनी ते इतक्या झटपट दाबलं, की एका पतसंस्थेतले आठ कारकून त्यांच्यापुढे पेंगुळलेलेच वाटावेत. मेकॅनिकचा मेंदू जास्त सावध असतो, असा निष्कर्ष फरहीनने काढला आणि प्रयोगाच्या सत्तेचाळीस सूचना लिहिल्या. चहा पिऊन किती वेळ झाला, हेसुद्धा त्यांत होतं.

अब्बांनी, म्हणजे बरकतमियांनी, त्या वाचून एकच विचारलं, "बेटा, टेबल कुठलं घ्यायचं ते कुठं लिहिलंय?"

"अब्बा, आपण मेंदू तपासतोय. टेबल नाही."

बरकतमियांनी मान डोलावून कागद परत दिला. मुलगी फार शिकली की बापाला हे जमवावंच लागतं.

व्याख्यानाआधी रीतीप्रमाणे सत्कार झाला. संस्थेचे अध्यक्ष बबनराव यांनी शाल-श्रीफळ दिलं आणि व्याख्यानाहून लांब भाषण केलं. फरहीनने शालीची घडी टेबलावर ठेवली, ओरखडे नकोत म्हणून डबी त्या घडीवर ठेवली आणि अब्बांना मंचावर बोलावलं. गॅरेजमध्ये बटण दाबायला त्यांना लागले होते दीडशे मिलिसेकंद.

पडद्यावर उमटलं, तीनशे दहा.

पुन्हा केलं. तीनशे पाच. तिसऱ्यांदा तीनशे बारा.

"काका, ओव्हरटाइम करून आलात काय?" मागून कुणीतरी म्हणालं आणि हॉल हसला. फरहीनला जमीन दुभंगावी असं झालं. जागा तर गेलीच होती. पण कडक इस्त्रीचा शर्ट घालून आलेले अब्बा तिच्यामुळे शंभर जणांपुढे मंद ठरले, याचं तिला जास्त वाईट वाटलं.

बरकतमिया मात्र बिघडलेल्या इंजिनाकडे पाहावं तसे डबीकडे पाहत होते. त्यांनी सत्काराच्या ताटातला नारळ उचलून बबनरावांच्या हातात दिला, स्टीलचं ताट पालथं घातलं, त्यावर डबी ठेवली आणि बटणावर बोट टेकवलं.

एकशे अठ्ठेचाळीस.

"दिवा लागायच्या जरा आधी आतली पट्टी थरथरते," ते म्हणाले. "आपलं गॅरेजचं टेबल पत्र्याचं. त्यावर थरथर घुमते, बोटाला कळते. मला वाटायचं, मी दिवाच बघतोय. शालीवर काय कळणार?"

"आणि कारकुनांचं टेबल?" दिपाली मॅडमनी विचारलं.

"लाकडी. वर जाड रेक्झिन," फरहीन पुटपुटली. आठ महिने ज्याला ती मेकॅनिकचा मेंदू समजत होती, तो पत्रा निघाला होता.

मॅडम मंचावर आल्या आणि तिला वळसा घालून थेट बरकतमियांसमोर उभ्या राहिल्या. "सोमवारी आमच्या लॅबमध्ये याल का? अशा बारा डब्या आहेत आमच्याकडे."

बरकतमिया अवघडले. "सोमवारी दोन गाड्यांचे क्लच खोलायचेत, मॅडम. मुलीला पाठवतो. अजून कच्ची हाय, पण शिकेल."

मॅडम हसल्या. "पाठवा. येताना अठ्ठेचाळिसावी सूचना लिहून आण म्हणावं."

फरहीनने ती तिथेच, उभ्या उभ्या लिहिली: टेबल सगळ्यांना एकच असावं, आणि पत्र्याचं नसावं. मग मोठ्या दिमाखात कागद अब्बांपुढे धरला.

त्यांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, "आणि खुर्ची, बेटा?"