गोरखने घरात रोप टाकलं

अवसरीच्या गोरखला शेतीतलं सगळं कळायचं. न कळायचं ते फक्त पिकांना!

त्या साली त्याने केबलवर एका गोऱ्या साहेबाला तळघरात ट्यूबलाइटखाली टोमॅटोची रोपं वाढवताना पाहिलं. साहेब काय बोलत होता त्यातलं अक्षरही समजलं नाही. पण समजण्यावाचून गोरखचं कधी अडलंय?

त्याने तडक निरगुडसरला सासऱ्यांना, धर्माजींना, फोन लावला. "मामा, यंदा नर्सरीचं रोप घेऊच नका! थंडीनं निम्मं मरतं. तुमच्या एकराचं रोप मी देतो. घरातलं, लाईटखालचं. आपली गॅरंटी!"

माणसाच्या हातून चुका होतात. धर्माजींची पहिली चूक म्हणजे पोरगी गोरखला दिली, दुसरी आता केली. नर्सरीचं बुकिंग मोडलं आणि एकरभर सऱ्या पाडून, शेणखत घालून रोपाची वाट बघत बसले.

गोरखची बायको आरती तेव्हा माहेरीच होती. तिच्या आईचा, साळुबाईंचा, मोतीबिंदू काढला होता. म्हणजे अवसरीत गोरखला अडवायला कुणी नव्हतं! त्याने मागची खोली रिकामी केली, ट्रे मांडले, खिडकीला गोधडी ठोकली. साहेबाने ट्यूबा रोपांच्या डोक्यावर वीतभर अंतरावर टांगल्या होत्या. गोरखने छताला लावल्या. "लाईट काय जमिनीवर लावत्यात व्हय, राव!" थंडी बाधू नये म्हणून शेगडी ठेवली, कीड नको म्हणून कडुनिंबाची धुरी. आणि गावाने अक्कल चोरू नये म्हणून सगळं एकदम गुपित!

शेजारच्या अंबाबाईंनी दारातून डोकावलं. "गोरख, आत कोन हाय रं?"

"मावशी, तिथंच थांबा! पायावर पानी घेतल्याबिगर यायचं न्हाई! बारीक जीव हायेत, वारं लागलं तर दगावत्याल!"

बंद खोली, रात्रंदिवस दिवा, शेगडी, धुरी, वर पायावर पाणी! अंबाबाईंनी गावातली निम्मी बाळंतपणं केलेली. बाळंतिणीची खोली त्या झोपेतही ओळखतील. पण आरती तर माहेरी! मग आत कोण? बातमी एसटीत बसून निरगुडसरला गेली. उतरली तेव्हा जुळं झालं होतं.

इकडे रोपं उजेडासाठी माना ताणताणून वर निघाली. पांढरीफटक, शेवयांसारखी बारीक. गोरख खूश! "काय हाईट हाय!" मग ती आडवी पडायला लागली. पण टोमॅटो शेवटी बांबूलाच बांधायचा असतो ना? मग आत्तापासूनच बांधू! एकेका रोपाला खराट्याची काडी लावून त्याने दोऱ्याने बांधलं.

आणि दारात जीप थांबली. पुढे आरती, मागे काळा गॉगल लावलेल्या साळुबाई, त्यांच्यामागे धर्माजी.

"बाहेर काढा तिला!" आरतीचा आवाज फुटला होता. "माझ्याच घरात? माझ्याच घरात!"

"कुठंय ती भवानी?" साळुबाईंनी चपलेचा नेम धरला.

"दार उघडू नका!" गोरख मागच्या खोलीच्या दारात आडवा झाला. "कोवळे जीव हायेत! मी एकेकाला हातानं वाढवलंय!"

यापेक्षा वाईट वाक्य मराठीत शोधून सापडलं नसतं. आरतीने त्याला ढकललं आणि दारावर लाथ घातली. साळुबाई आत घुसल्या, खिडकीत दिसलेल्या बाईला त्यांनी दोन चपला हाणल्या.

"आई, ती गोधडी हाय!"

सगळे थबकले. बाहेरचं वारं आत आलं आणि एकरभराचं रोप काड्यांसकट निजलं.

"अगं बाई, टोमॅटो!" आरती मटकन खाली बसली आणि हुंदके देत हसायला लागली. "टोमॅटोच हायेत गं आई!" साळुबाईंनी गॉगल सावरत देवाला हात जोडले.

गोरखची छाती फुगली. "मंग? उगाच माझ्यावर संशय!"

धर्माजी मात्र हसले नाहीत. त्यांनी उकिडवं बसून एक रोप उचललं. ते बोटावरून लोंबलं. त्यांनी दुसरं उचललं, तेही लोंबलं.

"जावईबापू," ते म्हणाले, "आत बाई निघाली असती, तर चार मानसं बसवून मिटवलं असतं. आता त्या एकरात काय लावू, खराटं?"