रेड्याच्या चेहऱ्यावरची आपुलकी

विलाफ्लोर बिस्किट कारखान्याचे अधिकृत निवेदन सोमवारी सकाळी फेसबुकवर झळकले : ‘चित्रकार मारिविक गाल्येगो यांनी डब्याच्या चित्राचे काम अर्धवट टाकले. आमचे सहकार्य अखेरपर्यंत अबाधित होते.’

दोनच वाक्ये, पण असत्याचा एवढा काटकसरी वापर फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरात क्वचितच आढळतो! पहिल्या वाक्यातले ‘अर्धवट’ काम फेब्रुवारीतच पुरे झाले होते. दुसऱ्यातले ‘सहकार्य’ म्हणजे त्यानंतर आलेल्या एकतीस दुरुस्त्या. डब्यावरच्या रेड्याची शिंगे आधी नम्र हवी होती, मग स्वाभिमानी. एकोणिसाव्या दुरुस्तीत त्याच्या चेहऱ्यावर ‘ग्राहकाविषयी आपुलकी’ हवी होती. ती आणली, तर रेडा हुबेहूब मालकासारखा दिसू लागला. लगेच विसावी दुरुस्ती आली!

मारिविकला एका पाठ्यपुस्तक प्रकाशनाकडे चित्रांचे काम मिळत होते. अट एकच : आधीचे काम पूर्ण झाल्याचे आधीच्या मालकाने लिहून द्यावे. म्हणून मागच्या बुधवारी ती तसे लिहून मागणारे निरोपाचे पत्र घेऊन मालक क्रिसांतो विलाफ्लोर यांच्या कचेरीत गेली. पत्राचे चार मसुदे झाले होते; त्यात पळवाटेसाठी सुई शिरेल एवढीही फट नव्हती.

“साहेब, हे पत्र…”

“साहेब कुणाला म्हणतेस? रविवारी धाकट्याचा बाप्तिस्मा. तू निनांग!”

निनांग म्हणजे धर्ममाता. हा मान नाकारला तर बाळाचे अशुभ होते, यावर त्या शहरात प्राध्यापकांपासून पोलिसांपर्यंत एकमत आहे. मारिविक असले काही मानत नसे; पण बातमी तिच्या आईपर्यंत पोहोचली होती.

“नाही म्हणालीस तर बाजारात तोंड कसं दाखवू गं मी?” फोन कडाडला.

ती हो म्हणाली. क्रिसांतोंनी पत्र न उघडताच परत केले. “आता तू माझ्या पोराची धर्ममाता, म्हणजे माझी कुमारे, घरचीच! घरच्यांना कसला आलाय निरोप? बरं, त्या शेपटीचं जरा…”

रविवारी चर्चमधले विधी आटोपले. अंगणात भाजलेल्या डुकराभोवती सारे नातलग जमले. क्रिसांतो ताट सावरत आले.

“कुमारे, बत्तिसावी! रेड्याला बाळासारखी खळी पडली पाहिजे.”

मारिविक गोड हसली. ज्या दोरीने तिला बांधले होते, तिचे दुसरे टोक कुठे आहे, याचा तिने चार दिवस शांतपणे अभ्यास केला होता. तिने हातभर रुंदीच्या चौकटीवरचा कागद सोडला. आत रेडा, फेब्रुवारीतला, पहिला, निष्कलंक!

“धर्ममातेकडून बाळाला भेट!”

टाळ्या पडल्या. कारखान्याच्या किल्ल्या अजून कमरेला वागवणाऱ्या क्रिसांतोंच्या मातोश्री, फेलिसिदादबाई, पुढे झाल्या. “काय गोड रेडा गं पोरी!”

“आई, शेपटी जरा…” क्रिसांतोंच्या तोंडून सवयीने निघून गेले.

“निनांगच्या भेटीत खोट काढतोस?”

“तसं नाही गं. चित्र अजून अपुरं…”

“अपुरी भेट? माझ्या नातवाला?”

चमचे थांबले. पाद्रीबाबांचा घास गिळायचा राहूनच गेला.

“पूर्ण आहे,” क्रिसांतो पुटपुटले.

“पुटपुटू नकोस. आभाराचं कार्ड घे आणि लिही. कधीपासून पूर्ण आहे तेही लिही. फादर समोर बसलेत, खोटं लिहू नकोस!”

कार्ड हाती पडताच मारिविकने निरोपाचे पत्र त्यांच्या ताटाशेजारी ठेवले. या वेळी ते परत आले नाही.

घरात लिहिलेले कारखान्याला लागू होत नाही, असे क्रिसांतोंना वाटले असावे. म्हणून सोमवारचे ते निवेदन. दहा वाजता प्रकाशनातून फोन आला.

“निवेदन वाचलं. तुमचं काय म्हणणं आहे?”

“माझं काहीच नाही. त्यांचंच पाठवते.”

अकराला काम तिचे झाले! कार्डावरचा मजकूर अक्षरशः असा होता :

‘प्रिय कुमारे, चित्र पूर्ण आहे. फेब्रुवारीपासून पूर्ण आहे. मला फक्त दुरुस्त्या सांगायला आवडतात. आई शेजारी उभी आहे. क्रिसांतो.’